पोट शिवण्यापूर्वीचा प्रश्न

अभिमत विद्यापीठांची महाविद्यालयं सोडली, तर महाराष्ट्रात डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांची परीक्षा बहुतांशी नाशिकच्या विद्यापीठाकडून घेतली जाते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली इथे स्थापन झालं. म्हसरूळला त्याचा परिसर आहे. त्याआधी १९९० मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचं वैद्यकीय महाविद्यालय आडगावला सुरू झालं होतं. म्हणजे नाशिक वैद्यकीय शिक्षणाचं केंद्र झालं ते नेमकं त्या दशकात, ज्यात पोटाच्या अल्सरवरची एक मोठी शस्त्रक्रिया जगभर मागे पडत होती. तिचं नाव व्हेगॉटॉमी. जठराला आम्ल तयार करायला सांगणारी व्हेगस नस कापायची, म्हणजे आम्ल कमी होईल आणि व्रण भरून येईल, असा तिचा विचार होता. सर्जरीच्या पुस्तकांत तिला अजूनही जागा आहे: नसेच्या फांद्या, शस्त्रक्रियेचे प्रकार, शोधकांची नावं. माझं म्हणणं असं, की या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग नस कापण्याचा नाही. नस पूर्ण कापली गेली की नाही, हे पोट शिवण्यापूर्वी, रुग्ण टेबलावर असतानाच ठरवण्याचा जो प्रयत्न तीन-चार दशकं झाला, तो खरा शिकण्यासारखा आहे. आणि तोच भाग आपण सर्वांत घाईने उलटून पुढे जातो.

नस आणि आम्ल यांचं नातं शल्यविशारदांच्या आधी शरीरक्रियाशास्त्रज्ञांना कळलं. बेंजामिन ब्रोडी यांनी १८१४ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की व्हेगस कापल्यावर जठराचा स्राव कमी होतो. पावलोव्ह यांनी त्या शतकाच्या अखेरीस हेच अधिक काटेकोरपणे सिद्ध केलं. कुत्र्याने खाल्लेला घास अन्ननलिकेतून बाहेर पडेल आणि जठरात पोचणारच नाही, अशी व्यवस्था त्यांनी केली. तरीही जठरात पाचक रस स्रवत होता. व्हेगस कापली की तो थांबत होता. माणसाच्या जठरावर हे ज्ञान वापरण्याचा गंभीर प्रयत्न लियोंच्या आंद्रे लातार्जे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. पण व्हेगॉटॉमीचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं १९४३ मध्ये, शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांच्यापासून. तोवर अल्सरवर मोठा उपाय म्हणजे जठराचा बराचसा भाग कापून टाकणं. ड्रॅगस्टेड यांनी अवयव जागेवर ठेवून त्याला मिळणारा आदेश तोडला. त्यात एक अडचण निघाली. ती नस आम्लाबरोबर जठराची हालचालही चालवते, त्यामुळे बऱ्याच रुग्णांचं जठर रिकामं होईना. मग नस कापण्याबरोबर जठरातून आतड्याकडे नवी वाट काढणं, म्हणजे गॅस्ट्रोजेजुनॉस्टॉमी करणं किंवा जठराचं खालचं दार रुंद करणं, हे जोडकाम आलं. आपल्याकडच्या सर्जनांच्या बोलण्यात पहिल्या वाटेचं नाव नुसतं ‘जी.जे.’ असतं.

दुसरी अडचण अधिक खोल होती. व्हेगस ही पुस्तकातल्या चित्रासारखी दोन सुबक दोरांची जोडी नसते. छातीतून पोटात उतरताना पुढचं आणि मागचं अशी दोन मुख्य खोडं असतात हे खरं, पण त्यांच्या आजूबाजूला अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून बारीक तंतू उतरतात. माणसागणिक त्यांची संख्या आणि जागा बदलते. मागचं खोड अन्ननलिकेपासून थोडं दूर, चरबीत दडलेलं असू शकतं. एखादा तंतू राहिला तर जठराच्या एका पट्ट्याला आदेश मिळत राहतो, आम्ल बनत राहतं आणि व्रण परततो. सर्जनला मात्र टेबलावर यातलं काहीच कळत नाही. रक्तवाहिनी सुटली तर रक्त दिसतं. आतड्याचा टाका उसवला तर काही दिवसांत ताप आणि दुखणं सांगतं. राहिलेली नस काहीच सांगत नाही; वर्ष-दोन वर्षांनी रुग्ण पुन्हा त्याच जागी हात ठेवून उभा राहतो. ज्या कामाचं अपयश इतकं उशिरा आणि इतकं मुकाट येतं, त्यात कर्त्याच्या खात्रीला पुरावा मानता येत नाही. या शस्त्रक्रियेचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीतून निघतो, असं मला वाटतं.

पहिलं उत्तर न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन हॉलंडर यांनी १९४६ मध्ये दिलं. इन्सुलिन देऊन रक्तातली साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली उतरवली की मेंदू घाबरून व्हेगसमार्फत जठराला चेतवतो. नस पूर्ण कापलेली असेल तर हा आदेश पोचत नाही आणि आम्ल वाढत नाही. वाढलं, तर तंतू राहिला आहे. तर्क स्वच्छ होता आणि पुढची कित्येक वर्षं हीच कसोटी प्रमाण मानली गेली. तिच्यात दोन दोष होते. साखर इतकी खाली नेणं हृदयविकाराच्या किंवा वृद्ध रुग्णाला धोक्याचं होतं. आणि ती होत होती शस्त्रक्रियेनंतर, जखम भरल्यावर. उत्तर प्रतिकूल आलं तर करायचं काय? पुन्हा पोट उघडायला रुग्ण आणि डॉक्टर दोघंही सहसा तयार नसत. त्या काळी दुसरी एक पडताळणी सर्वत्र रूढ होती: कापलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवायचा आणि तो नसेचाच आहे याची खातरजमा करून घ्यायची. ती आवश्यक होती, पण तिने चुकीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत असे. कापलं ते काय होतं, हे पॅथॉलॉजिस्ट सांगू शकतो. राहिलं काय, हे त्याच्या काचपट्टीवर कधीच येत नाही.

म्हणून १९५८ हे साल मला ड्रॅगस्टेड यांच्या १९४३ इतकंच महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी लंडनचे सर्जन हॅरल्ड बर्ज आणि औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शस्त्रक्रिया चालू असतानाच करायची चाचणी मांडली. अन्ननलिकेभोवती विजेचा अग्र बसवायचा, जठराची दारं बंद करून त्यात हवा भरायची आणि आतला दाब मोजणारी नळी जोडायची. मग सौम्य विद्युतप्रवाह सोडायचा. तंतू शिल्लक असेल तर जठर आकसतं आणि दाब चढतो. दाब हलला नाही, तर काम पूर्ण. चढला, तर पोट अजून उघडंच आहे. शोधा, कापा, पुन्हा प्रवाह सोडा. या चाचणीचं मोठेपण तिच्या वेळेत होतं. अपयशाची बातमी काही वर्षांऐवजी काही मिनिटांत मिळू लागली, आणि तीही अशा क्षणी की ती मिळाल्यावर काहीतरी करता येईल. शिवाय निर्णय सर्जनच्या डोळ्यांकडून दाबमापकाकडे गेला. ज्या पेशात ज्येष्ठाचा शब्द अखेरचा मानण्याची रीत आहे, तिथे कनिष्ठ सहायकालाही वाचता येईल असा एक आकडा टेबलाशेजारी उभा राहिला. ही गोष्ट मी लहान मानत नाही.

बर्ज यांच्या चाचणीच्या मर्यादा लवकरच दिसल्या. ती स्नायूंची हालचाल मोजत होती, आम्ल नव्हे. आम्लाकडे जाणारे तंतू आणि हालचालीचे तंतू एकाच वेळी शाबूत असतील किंवा एकाच वेळी तुटतील असं ती गृहीत धरत होती. भूल देण्यापूर्वी अट्रोपिन दिलेलं असेल तर जठराची हालचाल दबते, म्हणजे भूलतज्ज्ञाशी आधी ठरवून घेणं भाग होतं. पुढे शस्त्रक्रियाच अधिक नाजूक झाली. १९७० मध्ये लीड्सला जॉन्स्टन व विल्किन्सन आणि कोपनहेगनला आम्द्रुप व येन्सन यांनी जवळपास एकाच वेळी नवी पद्धत प्रसिद्ध केली. जठराचा आम्ल बनवणारा वरचा भाग तेवढा नसमुक्त करायचा. खालच्या भागाला हालचाल देणारी, कावळ्याच्या पायासारखी फुटलेली शेवटची फांदी राखायची. जठर आपलं आपण रिकामं होत असल्याने जी.जे.ची गरज उरली नाही. जठर किंवा आतडं उघडावंच लागत नसल्याने ही अल्सरच्या शस्त्रक्रियांतली सर्वांत सुरक्षित ठरली. सत्तरच्या दशकातल्या मोठ्या पाहणीत मृत्यूचं प्रमाण हजारी तीनच्या आसपास होतं. मात्र आता काही नसा मुद्दाम राखायच्या आणि उरलेल्या एकूण एक तोडायच्या, असं दुहेरी काम आलं. राखलेल्या फांदीमुळे जठराचा खालचा भाग विजेला उत्तर देणारच. त्यामुळे बर्ज यांची चाचणी मूळ रूपात पुरेना.

त्यातून आम्लच मोजणाऱ्या चाचण्या निघाल्या. रोमच्या ज्युसेप्पे ग्रासी यांनी १९७० च्या सुमारास जठराच्या आतल्या अस्तरावरून आम्लता मोजणारी सळई फिरवायला सुरुवात केली. औषधाने जठराला चेतवायचं आणि अस्तराचा कानाकोपरा तपासायचा. जिथे आम्ल सापडेल त्या पट्ट्याला तंतू जातो आहे. बर्ज यांची चाचणी ‘काहीतरी राहिलं’ एवढंच सांगत होती, ग्रासी यांची ‘इथे राहिलं’ असं बोट दाखवत होती. मागच्या खोडातून वर फुटणारी आणि सर्जनच्या नजरेतून हमखास निसटणारी एक फांदी आजही ‘ग्रासींची गुन्हेगार नस’ म्हणून ओळखली जाते. कुणी ल्युकोमिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य लावून नसेचे तंतू निळे करून पाहिले. पुढे शिकागोच्या सर्जनांनी दुर्बिणीतून काँगो रेडचा वापर केला: हे द्रव्य तीव्र आम्लात काळं पडतं, त्यामुळे लाल अस्तरावरचा काळा डाग म्हणजे निसटलेल्या नसेचा नकाशाच.

इथे गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला असा, की या चाचण्या स्वतःच भरवशाच्या नव्हत्या. टेबलावर पूर्ण ठरलेली व्हेगॉटॉमी नंतर इन्सुलिन चाचणीत अपुरी निघे. उलट इन्सुलिन चाचणीत अपुरी ठरलेले कित्येक रुग्ण वर्षानुवर्षं धडधाकट राहत. मग पूर्णतेला एवढं महत्त्व कशाला? हा आक्षेप अर्धा खरा आहे. पूर्णता हे साध्य नव्हतं. व्रण न परतणं हे साध्य होतं आणि पूर्णता ही त्याची जवळची खूण. पण एखादी खूण ढोबळ आहे म्हणून तिच्याशिवाय चालणं शहाणपणाचं ठरत नाही. व्रण ज्यांचा परतला, त्यांच्यात आम्लाचा आदेश शिल्लक असण्याची शक्यता अधिक होती, एवढं या सगळ्या वादातून टिकलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निकाल सुधारले ते चाचण्यांमुळे नाही, शरीररचनेच्या ज्ञानामुळे आणि हाताच्या सरावामुळे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की अन्ननलिकेचा खालचा पाच-सहा सेंटिमीटरचा भाग नीट मोकळा करून साफ केला की व्रण परतण्याचं प्रमाण बरंच उतरतं. हे मान्य. अनुभवी आणि नवख्या सर्जनांच्या निकालांत मोठी तफावत होती हेही मान्य. पण अन्ननलिकेवर एवढं वरपर्यंत जायला हवं, हे कशावरून कळलं? काम पूर्ण झाल्याची खात्री असताना ज्यांच्या जठरात आम्ल सापडत राहिलं, अशा रुग्णांवरून. चाचणी नसती तर सराव वाढला असता, पण तो कुठल्या दिशेने वाढवायचा हे समजलं नसतं. ज्या हाताला आपली चूक कधी दिसतच नाही, तो हात हजार शस्त्रक्रियांनंतरही तीच चूक अधिक सफाईने करत राहतो.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राच्या बाजूने येतो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लंडन-रोमच्या या चाचण्यांचा आपल्या जिल्हा रुग्णालयांशी संबंध काय? अल्सर इथे काही दुर्मीळ नव्हता. पश्चिम रेल्वेचे मुंबईतले वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून भात खाणाऱ्या दक्षिण-पूर्वेत अल्सर अधिक आणि गहू खाणाऱ्या पंजाबात कमी, असं मांडलं होतं. म्हैसूरला अनेक वर्षं सर्जन राहिलेले फ्रँक टोवी यांनीही पुढे भारतातल्या अल्सरचा असाच नकाशा रेखाटला. इगतपुरी-त्र्यंबकचा भात आणि येवला-सिन्नरची बाजरी एकाच जिल्ह्यात नांदवणाऱ्या नाशिकमध्ये या कल्पनेची कसोटी लागायला हवी होती. भारतातले पुष्कळ रुग्ण उशिरा येत, जठराचं खालचं दार व्रणाने आक्रसून गेल्यावर, ओकाऱ्यांनी वजन उतरल्यावर. अशा अशक्त माणसाचं जठर कापून काढणं म्हणजे त्याचं उरलेलं पोषणही धोक्यात घालणं. नवी वाट काढणं तर अटळच होतं. त्यामुळे खोडावरच नस कापून जोडीला जी.जे. करणं हीच इथली रुळलेली शस्त्रक्रिया झाली.

यावर असं म्हणता येईल, की इथल्या सर्जनांनी पडताळणीचा विचारच केला नाही. मला ते मान्य नाही. खोडावर नस कापण्याचा एक फायदा असा, की तिथे बोटाला उत्तर मिळतं. अन्ननलिका खाली ओढून धरली की ताणलेली नस बोटाखाली तारेसारखी लागते. अन्ननलिकेभोवती बोट फिरवून आणखी काही ताठ लागतं का, हे पाहता येतं. कावळ्याच्या पायाशी, जठराच्या काठावरच्या बारीक तंतूंमध्ये, ही सोय नाही. विजेचा अग्र, आम्लतेची सळई आणि दुर्बीण नसलेल्या ठिकाणी सर्जनने आपल्या बोटाने तपासता येईल अशी शस्त्रक्रिया निवडणं, हीही पडताळणीच होती. साधनाची उणीव शस्त्रक्रियेच्या निवडीने भरून काढली गेली. तिची किंमत मात्र रुग्णाने दिली: खाल्ल्यावर घेरी, घाम, जुलाब, आणि तंतू राहिलाच तर नव्या जोडावर पुन्हा व्रण. बोट जाड खोड ओळखतं, केसासारखा तंतू ओळखत नाही. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरून आलेल्या माणसाच्या बाबतीत हे अधिकच बोचतं. तो घरी गेला की वर्षभराने इन्सुलिन चाचणीसाठी परत येईल अशी अपेक्षाच व्यर्थ. पुण्या-मुंबईच्या रुग्णाला दुसरी संधी होती. पाड्यावरच्या माणसाची एकमेव तपासणी होऊ शकत होती ती पोट उघडं असतानाच. टेबलावरच्या चाचणीची गरज जिथे सर्वांत जास्त होती, तिथेच ती पोचली नाही. या इतिहासातली ही मला सर्वांत सलणारी गोष्ट आहे.

आणि मग शस्त्रक्रियाच मागे पडली. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं. पाठोपाठ रॅनिटिडीन आलं; उत्पादनाऐवजी प्रक्रियेला पेटंट देणाऱ्या १९७० च्या कायद्यामुळे भारतीय कंपन्यांना अशी औषधं स्वतःच्या पद्धतीने बनवता आली आणि ती गावच्या मेडिकल दुकानापर्यंत पोचली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आलं. दरम्यान पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधला होता; १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आलं आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आम्ल व्रण टिकवतं हे खरं, पण बहुतेकांमध्ये व्रणाचं मूळ एका संसर्गात होतं. तेव्हा शेवटचा आक्षेप: जी शस्त्रक्रिया रोगाच्या मुळाशी पोचतच नव्हती, तिच्या पूर्णतेची एवढी चर्चा का? कारण चाचणीचा प्रश्न रोगाच्या कारणावर अवलंबून नाही. कारण चुकीचं असो वा बरोबर, सर्जनने जे करतो म्हणून सांगितलं ते त्याने केलं का, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि रुग्णाला तो विचारण्याचा हक्क आहे. बर्ज यांच्यासोबत चाचणी मांडणारे वेन पुढे ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं हे १९७१ मध्ये दाखवून गेले आणि १९८२ च्या नोबेलचे मानकरी झाले. जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यं रोखली जातात म्हणून वेदनाशामक गोळ्यांनी अल्सर होतो, हे त्याच वाटेने उलगडलं. आणि जिवाणूखालोखाल आज अल्सरचं मोठं कारण तेच आहे.

बर्ज यांची कल्पना व्हेगॉटॉमीबरोबर संपली नाही. ती त्याच नसेवर, मानेत, उलट्या बाजूने परतली. स्वरयंत्राला आवाज देणारी नस ही व्हेगसचीच फांदी आहे आणि थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत तिला इजा झाली तर आवाज बसतो. आता पुष्कळ ठिकाणी ग्रंथी काढून झाल्यावर, मान शिवण्यापूर्वी, व्हेगसला विजेचा सौम्य स्पर्श देऊन स्वरयंत्राच्या स्नायूंचं उत्तर नोंदवतात. जठराच्या शस्त्रक्रियेत उत्तर येऊ नये अशी अपेक्षा होती. इथे ते यायला हवं. पहिल्या बाजूनंतरच उत्तर आलं नाही, तर दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया असूनही दुसरी बाजू त्या दिवशी न उघडण्याचा निर्णय घेता येतो, कारण दोन्ही नसा गेल्या तर श्वासच अडतो. म्हसरूळच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात व्हेगॉटॉमीला किती ओळी द्यायच्या, यावर मतभेद होऊ शकतात. शिकायला पुष्कळ आहे आणि वेळ थोडा. पण त्या ओळींत फांद्यांची नावं कमी करून बर्ज, वेन आणि ग्रासी यांना जागा द्यावी, असं माझं मत आहे. व्हेगस कापणारा सर्जन उद्या नाशिकमध्ये क्वचितच असेल; थायरॉइड काढणारे, आतडी जोडून त्यात हवा भरून गळती पाहणारे अनेक असतील, आणि त्यातला प्रत्येकजण शेवटचा टाका घालण्याआधी तोच प्रश्न विचारत असेल.